गाठ कोणती, हे आधी विचारा

नऊ-दहा वर्षांचा लॅब्रेडोर खोकू लागतो, जिना चढताना धापा टाकतो. एक्स-रेत हृदयाच्या पुढच्या बाजूला पांढरट गोळा दिसतो. ‘छातीत ट्यूमर आहे’ एवढं कानावर पडलं की घरातली माणसं निरवानिरवीचं बोलू लागतात. ही घाई करू नका, असं कळकळीनं सांगावंसं वाटतं.

त्या जागी थायमस ग्रंथी असते. पिल्लाच्या प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी तिथे तयार होतात आणि कुत्रं वयात आलं की ती आक्रसत जाते. तिथे वाढणाऱ्या गाठींमध्ये लिम्फोमा नेहमीचा, थायमोमा विरळ. लिम्फोमा अंगभर पसरणारा, त्याला केमोथेरपी लागते. थायमोमा बहुधा सावकाश वाढतो, दूरच्या अवयवांत क्वचितच जातो, आणि काढण्याजोगा असेल तर शस्त्रक्रिया हाच त्याचा मुख्य उपचार. एक्स-रेत मात्र दोन्ही सारखेच दिसतात. सुईनं पेशी काढल्या तरी गोंधळ उडू शकतो, कारण थायमोमातही लिम्फोसाइट भरपूर असतात. अशा वेळी फ्लो सायटोमेट्री ही पेशींची तपासणी उपयोगी पडते. गाठ रक्तवाहिन्यांत किती शिरली आहे, याचा अंदाज सीटी स्कॅन देतो. निदानाआधीच स्टिरॉइड सुरू केलं, तर गोळा थोडा लहान होतो, पण पुढचं निदान अवघड होऊन बसतं.

आता आयुष्याचा प्रश्न. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात 2013 साली थायमोमा झालेल्या 116 कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या 84 कुत्र्यांचं मध्यक आयुष्य 635 दिवस निघालं, म्हणजे निम्मी त्याहून जास्त जगली. शस्त्रक्रिया न झालेल्यांचं अवघं 76 दिवस. ही तफावत सगळी सुरीची करामत मानू नये. ज्यांची गाठ काढण्यापलीकडे गेलेली किंवा प्रकृती फार खालावलेली, ती कुत्री बहुधा दुसऱ्या गटातच जातात. तरीही पावणेदोन वर्षं कुत्र्याच्या आयुष्यात थोडी नव्हेत. गाठ पुढच्या टप्प्याची असणं किंवा सोबत दुसरा ट्यूमर असणं, या गोष्टींनी आयुष्य घटल्याचं त्यात दिसलं. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असणं किंवा मायस्थेनिया ग्रॅव्हिस असणं, यांनी मात्र तसा ठळक फरक पडला नाही.

थायमोमासोबत येऊ शकणाऱ्या या मायस्थेनियाकडे पालकांनी नीट पाहावं. यात शरीराची प्रतिकारशक्ती नसा आणि स्नायू यांच्यातल्या दुव्यावरच हल्ला करते. कुत्रं थोडं चालून बसतं, विसावलं की पुन्हा चालतं. अन्ननलिका सैल पडून फुगते. मग पोटाला कळ न येता, न उमळता, खाल्लेला घास जसाच्या तसा बाहेर पडतो. ही साधी उलटी नव्हे. डॉक्टरांना मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवावा. असा घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, आणि पुष्कळदा गाठीपेक्षा तोच जिवावर बेततो. अशा कुत्र्याला पुढचे पाय उंचावर ठेवून, जवळजवळ उभं करूनच भरवायचं, आणि खाणं झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं तसंच धरून ठेवायचं. गाठ काढली म्हणून हा त्रास लगेच जातोच असं नाही. औषधं पुढेही चालू ठेवावी लागू शकतात.

त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 17 टक्के कुत्र्यांत गाठ परत आली. पण परत आलेली गाठही काही वेळा पुन्हा काढता येते. म्हणून टाके सुकले तरी छातीच्या फेरतपासण्या चुकवू नयेत.