बोटीवरचा एफएम खरखरतो? स्टिरिओ बदलण्याआधी हे वाचा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं नेहमीप्रमाणे थोडं नीट करून इथे देतोय.

एका श्रोत्यांचा निरोप आला होता. मांडव्याला त्यांची छोटी फायबरची शिडाची बोट असते. किनाऱ्यावर गाडीत झकास लागणारा एफएम बोटीत बसलं की खरखरायला लागतो. दोन वर्षांत दोन स्टिरिओ बदलून झाले, आता तिसरा घेऊ का, असं ते विचारतात. दादा, तिसरा घेऊ नका. दोष बहुतेक स्टिरिओत नाहीच.

आधी एक फुकटची गोष्ट बघून घ्या. बोटीचे स्टिरिओ बरेचदा बाहेरून येतात आणि त्यांच्या सेटिंगमध्ये ‘रीजन’ असतो. तो अमेरिकेवर असेल, तर स्टेशन ०.२ च्या टप्प्याने पुढे सरकतं आणि फक्त विषम आकड्यांवर थांबतं. ९३.५ लागेल, ९८.३ लागेल, पण १०४.० वर काटा येणारच नाही. रीजन युरोप किंवा आशिया करा. काही जणांचं काम इथेच होतं.

आता अँटेना. गाडीच्या टपावर जी छोटी काडी दिसते ना, तो अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा म्हणजे खुद्द गाडीचा पत्रा. एफएमची लहर साधारण ३ मीटरची, तिचा पाव भाग ७५ सेंटीमीटर. काडीला समोर पत्रा मिळाला की जोडी जमते. फायबरची बोट मात्र रेडिओच्या दृष्टीने प्लॅस्टिकची बादली. तिच्यावर गाडीची काडी लावली की अर्धा अँटेना हवेत लोंबकळत राहतो. म्हणून पत्र्याचा आधार न लागणारा, बोटीसाठीचा अँटेना घ्यायचा. विकत घेण्याआधी खात्री करायची असेल, तर ७५-७५ सेंटीमीटर वायरचे दोन तुकडे घ्या. एक केबलच्या मधल्या तारेला जोडा, दुसरा बाहेरच्या जाळीला. एक वर, एक खाली, असे उभे ताणून केबिनमध्ये टांगा. उभे अशासाठी, की बोट नांगरावर फिरत राहते आणि उभ्या तारेला चारही दिशा सारख्याच. या देशी जुगाडाने आवाज सुधारला, तर चोर सापडला.

नाही सुधारला, तर प्लग उघडून बघा. खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडतं. डोलकाठीच्या बुडाशी केबलचा जोड असेल, तर तिथे पाणी हमखास गेलेलं असतं. चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल कापत जा. जुना जोड घासून पुन्हा वापरू नका, दोन महिन्यांत परत तेच.

पण मला खरं बोलायचंय ते खरखरीबद्दल. इंजिन बंद करा, बोटीवरचं सगळं बंद करा, फक्त स्टिरिओ चालू ठेवा. खरखर गेली? मग एकेक गोष्ट चालू करत जा. बहुतेक वेळा सापडतो तो १२ व्होल्टच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर, नाहीतर स्वस्तातला एलईडी दिवा. व्होल्टेज कमी-जास्त करण्यासाठी यांच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि त्याचा कचरा हवेत पसरतो.

हा कचरा फक्त गाण्यांवर पडत नाही, बरं का. तुमचा व्हीएचएफ, ज्याच्या १६ नंबरच्या चॅनेलवर अडचणीत हाक मारायची, तो १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. एफएमपासून फार लांब नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्डने याबद्दल खास इशारा काढला होता: एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएस बहिरे होतात. त्यांनी सांगितलेली चाचणी घरच्या घरी होते. दिवे बंद करून व्हीएचएफ शांत चॅनेलवर ठेवा. स्क्वेल्च उघडा, खरखर येईल. मग ती जेमतेम थांबेल इतकाच बंद करा. आता दिवा लावा. खरखर परत आली, तर त्या दिव्याने तुमचा रेडिओ बहिरा केलाय. एफएम बिघडलेला लगेच कळतो, कारण आपण तो रोज ऐकतो. व्हीएचएफ बहिरा झालेला कळतो तो नको त्या वेळी.

उपाय म्हणजे तो दिवा किंवा चार्जर बदलणं. वायरवर फेराइटची कडी बसवली तर थोडा फरक पडतो, पण तो पाटा-पट्टीचाच प्रकार. आणि बूस्टर तर नकोच. तो सिग्नलबरोबर खरखरही मोठी करतो.

आणखी एक मोह. डोलकाठीवर व्हीएचएफचा छान अँटेना आहेच, मग त्यालाच साधा टी लावून स्टिरिओ जोडला तर? असं करू नका. व्हीएचएफ बोलताना २५ वॉट सोडतो. एक तर स्टिरिओ जळेल, दुसरं म्हणजे तुमची हाक अर्धीच बाहेर जाईल. त्यासाठी बनवलेला खास स्प्लिटर मिळतो. पण माझं मत विचाराल तर गाण्यांचा अँटेना वेगळाच बरा.

सगळं करूनही रेवदंड्याच्या पुढे मुंबईची स्टेशनं विरत जातील. त्यात तुमची चूक नाही. एफएमची लहर क्षितिजापलीकडे फारशी वळत नाही. १०० मीटर उंचीच्या टॉवरची पोच साधारण ४१ किलोमीटर. त्यात तुमचा अँटेना पाण्यापासून १ मीटरवर असेल तर ४ किलोमीटरची भर, ९ मीटरवर असेल तर १२ ची. तिथे पोचलात की स्टिरिओ ‘मोनो’वर टाका. स्टिरिओला सिग्नल बराच जास्त लागतो, मोनोत खरखर एकदम उतरते आणि गाणं अजून थोडा वेळ टिकतं.

मांडव्याच्या दादांनी आधी चार्जर उपटून बघावा आणि काय झालं ते कळवावं.