कोम्पेनियसचा लाकडी ऑर्गन

युरोपातील जुन्या ऑर्गनांविषयी काही लिहावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा एखाद्या थोरल्या कॅथेड्रलमधील वाद्याकडे वळणे सोपे होते. परंतु कोपनहेगनच्या उत्तरेस हिलरॉड गावी फ्रेडरिक्सबोर्ग राजवाड्याच्या वस्तुसंग्रहालयात जो ऑर्गन आज नांदतो आहे, तो ईश्वरसेवेसाठी नव्हे, तर सरदार-दरकदारांच्या मेजवान्यांसाठी आणि नृत्यासाठी घडविला गेला, आणि या ऐहिक जन्मानेच त्याला दीर्घायुष्य दिले, असे माझे मत आहे.

दफ्तरी इतिहास थोडक्यात असा. ब्रन्स्विकचा ड्यूक हाइन्रिख युलियस याने हेसेन येथील आपल्या वाड्यासाठी एसायस कोम्पेनियस या कारागिराकडून हे वाद्य करवून घेतले, ते १६१० साली पूर्ण झाले. ड्यूक १६१३ साली निवर्तला, आणि त्याच्या विधवेने ते आपला भाऊ, डेन्मार्कचा राजा चौथा क्रिश्चन, यास नजर केले. वाद्याच्या मागोमाग त्याचा कर्ताही डेन्मार्कला आला, आणि १६१७ साली हिलरॉड येथेच वारला.

आपल्या संगीत रंगभूमीने ज्याला ऑर्गन म्हणून आपलेसे केले, त्यात धातूच्या रीड कंप पावतात. या ऑर्गनात १००१ नळ्या आहेत, आणि नवल असे की त्या साऱ्या लाकडाच्या आहेत. इतरत्र कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाने जे काम साधते, ते कोम्पेनियसने पातळ फळ्या तासून, सरसाने सांधून आणि प्रत्येक नळीला अचूक ओठ कापून साधले. दर्शनी भागास हस्तिदंत आणि आबनूस यांचा साज चढविला तो निराळाच. नळ्यांच्या रांगा २७. काही नळ्या बॅगपाइपच्या अखंड नादाची नक्कल करतात, आणि सनईमागे सूर धरून बसणाऱ्या साथीदाराप्रमाणे चालीखाली स्थिर राहतात.

मराठी श्रोत्याने विशेष कान द्यावा तो याच्या गांधाराकडे. हे वाद्य जुन्या मीनटोन पद्धतीने जुळविलेले आहे. या पद्धतीत पंचम किंचित उतरवून गांधार शुद्ध राखतात, म्हणजे तंबोऱ्यातून जो स्वयंभू गांधार आपोआप उमटतो, त्याच्याच शेजारी नेऊन बसवितात. समान अंतरांच्या स्वरांनी बांधलेली पेटी आपल्या संगीतास मानवत नाही, या तळमळीने सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी श्रुतींची पेटी करविली होती; त्यांच्या तक्रारीचा अर्धा जबाब या डॅनिश वाड्यात तीन शतके आधीच तयार होता. अर्धाच म्हणावयाचे, कारण शुद्ध गांधाराची किंमत म्हणून दूरच्या काही स्वरमेळांत एक पंचम असा कर्कश होतो की युरोपीय जाणकार त्याला लांडगा म्हणतात.

तथापि मला सर्वांत गुंतविले ते भात्यांनी. वादक पुढे बसतो आणि मागे, कोणाच्या दृष्टीस न पडता, दुसरा मनुष्य चार भाते पाळीपाळीने चालवितो. एक भाता रिता होण्यापूर्वी दुसरा भरलेला हवा, आणि तो सोडताना धक्का बसता कामा नये. कारण तो धक्का हवेच्या पेटीतून थेट नळ्यांत शिरतो आणि स्वर डगमगतो. या मनुष्यास रागदारी नको, पण लय हवी. टाळ्या मात्र वादकाच्या.

आता हे वाद्य आजवर टिकले कसे, आणि पुढे टिकेल कसे, याचा विचार. चर्चमधील ऑर्गनास रोजचे काम असे. म्हणून प्रत्येक पिढीने आपल्या रुचीप्रमाणे त्याची पट्टी, नळ्या आणि भाते बदलले. मेजवानीच्या या वाद्याची फॅशन गेली, त्याकडून कोणी काही मागेनासे झाले, आणि म्हणूनच त्याला कोणी सुधारले नाही. १८५९ च्या आगीने राजवाड्याची मोठी हानी केली, त्यातूनही ते बचावले. १८७८ साली कार्ल्सबर्गच्या याकोबसेन या मद्यनिर्मात्याच्या पुढाकाराने तेथे वस्तुसंग्रहालय उभे राहिले, आणि १८९५ साली पॅरिसच्या कावाये-कोल कारखान्यातील रीनबुर्ग या कारागिराने ऑर्गनाचा जीर्णोद्धार केला.

परंतु उपेक्षेचे छत्र आता राहिलेले नाही. हिवाळ्यात दालन तापवावे तर हवा कोरडी होऊन लाकूड आकसते आणि सांधे उघडतात. न तापवावे तर दमटपणा येतो. वाजवावे तर झडपा, चामडी आणि पट्ट्या झिजतात. न वाजवावे तर धूळ नळ्यांच्या ओठांवर बसते, चामडे ताठरते, झडपा अडकतात, आणि वाद्य हळूहळू फर्निचर बनते. दुरुस्ती करावी तर प्रत्येक नव्या तुकड्याबरोबर जुन्या रंध्याची एक खूण नाहीशी होते. विजेचा पंखा लावून हवेचा प्रश्न कायमचा निकालात काढता येईल, पण मग जो श्वास या वाद्यास मनुष्याच्या हातापायांतून मिळतो, तोही निकालात निघेल.

छोट्या नियमित वादनांचा मध्यम मार्ग तेथे चालू आहे, तो मला रास्त वाटतो. आपल्याकडेही वस्तुसंग्रहालयांतील कपाटांत पेट्या, सारंग्या आणि बीन निमूट बसलेल्या आहेत. त्यांच्या व्यवस्थापकांना एवढीच विनंती, की अंदाजपत्रकात काचेच्या खर्चाखाली वाद्ये वाजती ठेवणाऱ्या माणसाच्या मुशाहिऱ्याचीही एक बाब असावी.