विवेचक आणि वर्गसमीकरणाच्या मुळांचे स्वरूप

प्रस्तावना :
वर्गसमीकरणाचा विवेचक काढणे विद्यार्थ्यांना शाळेतच अवगत होते; परंतु विवेचक काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात हा भेद भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ (इ. स. ११५०) या ग्रंथाच्या आधारे स्पष्ट केला आहे.

विवेचकाची उत्पत्ती :
अ·क्ष² + ब·क्ष + क = ० हे समीकरण घेऊ. येथे अ, ब, क या वास्तव संख्या असून अ शून्य नाही. दोन्ही बाजूंस ४अ ने गुणून ब² मिळविल्यास व ४अक ही राशी उजवीकडे नेल्यास पुढील रूप प्राप्त होते :
(२अ·क्ष + ब)² = ब² − ४अक
ही रीत भास्कराचार्यांनी श्रीधराचार्यांच्या नावे दिली आहे. उजवी बाजू हाच विवेचक होय. वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो. म्हणून विवेचक धन असल्यास दोन भिन्न वास्तव मुळे, शून्य असल्यास दोन समान मुळे मिळतात. ऋण असल्यास वास्तव मूळ मिळत नाही. ऋण संख्या हा वर्गच नसल्याने तिला वर्गमूळ नाही, असे भास्कराचार्यांनीही म्हटले आहे.

व्यवहारातील अर्थ :
लोअर परळसारख्या दाट वस्तीत ४० मीटर कुंपणाने आयताकृती जागा बंदिस्त करावयाची आहे, असे मानू. लांबी व रुंदी यांची बेरीज २० मीटर होईल. क्षेत्रफळ ९६ चौरस मीटर हवे असल्यास समीकरण क्ष² − २०क्ष + ९६ = ० असे होते; विवेचक १६ असून बाजू १२ व ८ मीटर येतात. १०० चौरस मीटरसाठी विवेचक शून्य येतो व १० मीटर बाजूचा चौरस हा एकच आकार उरतो. १०४ चौरस मीटरसाठी विवेचक −१६ येतो. अर्थात तेवढ्या कुंपणात अशी जागा बसणे अशक्य आहे. समीकरण न सोडविताच हा निर्णय करता येतो.

विवेचकाची मर्यादा :
भास्कराचार्यांच्या एका उदाहरणात वानरांच्या कळपाच्या एक-पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले आणि एक फांदीवर दिसला; तर एकूण वानर किती, असा प्रश्न आहे. समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ० असे होते. विवेचक २०२५, म्हणजे ४५ चा वर्ग आहे. म्हणून मुळे ५० व ५ ही परिमेय आहेत. तथापि ५ घेतल्यास पंचमांश १ होतो व त्यातून ३ वजा करता −२ उरतात. व्यक्त ऋण राशीची लोकांना प्रतीती नसते, म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे मूळ त्याज्य ठरविले.

समारोप :
विवेचक मुळांचे अस्तित्व व स्वरूप सांगतो. त्यांची ग्राह्यता प्रश्नाच्या अर्थावरून ठरते. समीकरण मांडताना मूळ प्रश्नातील काही अटी गळून पडतात, हे त्याचे कारण होय. म्हणून अध्यापनात विवेचकाच्या चिन्हावर न थांबता प्रत्येक मूळ प्रश्नात ठेवून तपासण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे आवश्यक आहे.