रानात जाताना कुत्रा घरीच ठेवा



संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपूरहून प्रचितगडाची वाट धरली, की वाडीतला एखादा कुत्रा मागे येतोच. आमच्या गटाबरोबर आमचा मोत्याही निघाला होता. वाटलं, येऊ दे, तेवढीच सोबत. पण हा गड चांदोली राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तिथे पाळीव कुत्रा नेता येत नाही. आम्हाला अडवलं तेव्हा रागच आला. माणसं चालतात, मग कुत्रा का नाही?

बिबट्याला कुत्रा म्हणजे आयती शिकार, हे आपल्याला सांगायला नको. शिवाय घाबरलेला कुत्रा पळत येतो तो धन्याकडेच. त्याच्यामागे गवा लागला असेल, तर तोही आपल्याच अंगावर येणार.

पण खरी भीती वेगळीच आहे. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा रोग होतो. ताप येतो, नाकाडोळ्यांतून पाणी गळतं, खोकला, हगवण, पुढे झटके. माणसाला तो होत नाही, म्हणून आपण म्हणतो, "सर्दी झाली असेल." हाच रोग रानातल्या कोळसुंद्यांना, कोल्ह्यांना, वाघ-बिबट्यांनाही होतो. खोकल्यातून, नाकातल्या पाण्यातून तो पसरतो. कोळसुंदे कळपाने राहतात. एकाला लागण झाली की बाकीच्यांना कितीसा वेळ? 2018 साली गुजरातच्या गीरमध्ये थोड्या दिवसांत 20 हून जास्त सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आपल्या चांदोलीत आणि कोयनेत 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. वाघ इथे आधीच मोजके.

या रोगावर नेमकं औषध नाही, लस मात्र आहे. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पहिली, मग डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुढच्या. रेबीजची लस वेगळी, ती तीन महिन्यांनंतर. एक टोचली म्हणजे दोन्ही झाल्या, असं समजू नका. आम्हीही तसंच समजत होतो! आणि आपण गडावर जावो न जावो, रानाला लागून असलेल्या वाडीतला कुत्रा रात्री कुठे फिरतो हे कोणाला ठाऊक? म्हणून लस सगळ्याच कुत्र्यांना हवी. गटाच्या बैठकीत वाडीतली कुत्री मोजा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन एकच दिवस ठरवून घ्या.

गडावर जायच्या दिवशी कुत्र्याला पहाटेच भाकरी घालून बांधा, पाणी ठेवा, शेजारच्या काकूंना सांगून जा. मोत्या पहिल्यांदा तासभर केकाटला म्हणे. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा पडवीत झोपला होता.