अभ्यास लिनक्सवर, खेळही लिनक्सवर

कर्वेनगरात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले, आणि वसतिगृहांत व भाड्याच्या खोल्यांत राहून संगणकशास्त्र शिकणारी तरुण मंडळी हा या भागाच्या दैनंदिन जीवनाचा भाग झाला. पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकांसाठी लिनक्स किंवा तिच्यापासून तयार झालेली एखादी प्रणाली सुचवलेली असते. त्यामुळे अनेक विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर विकत घेतानाच आलेली विंडोज आणि अभ्यासासाठी स्वतः बसवलेली उबुंटू किंवा फेडोरा अशा दोन कार्यप्रणाली शेजारी शेजारी नांदतात. लॅपटॉप सुरू होताना यांपैकी एक निवडण्याच्या या सोयीला ‘ड्युअल बूट’ म्हणतात. शेल स्क्रिप्ट लिहायची तर लिनक्स आणि व्हिडिओ गेम खेळायचा तर विंडोज, अशी या घरातली वाटणी दीर्घकाळ ठरून गेलेली होती. विंडोज ठेवण्यामागचे हे कारण २०१८ नंतर झपाट्याने क्षीण होत गेले आहे, आणि ते कसे झाले हे समजून घेणे केवळ खेळाच्या हौसेपुरते महत्त्वाचे नाही.

विंडोजचा खेळ लिनक्सवर मुळात का चालत नाही, हा प्रश्न पहिला. दोन्ही प्रणाली एकाच लॅपटॉपवर, म्हणजे एकाच प्रोसेसरवर चालतात. खेळातील बेरजा-वजाबाक्या करणाऱ्या मूळ आज्ञा त्या प्रोसेसरला दोन्हीकडे सारख्याच समजतात. अडचण येते ती अन्यत्र. फाइल उघडणे, खिडकी दाखवणे, आवाज काढणे, माऊस कुठे हलला हे विचारणे, अशी प्रत्येक गोष्ट खेळ स्वतः करत नाही, तर कार्यप्रणालीकडे मागतो, आणि ही मागणी कोणत्या नावाने व कोणत्या क्रमाने करायची याचे नियम प्रत्येक प्रणालीत वेगळे असतात. विंडोजमध्ये या मागण्या पुरवणारी कामे ‘डीएलएल’ नावाच्या फाइलींत साठवलेली असतात. लिनक्समध्ये त्या नसल्यामुळे खेळाची पहिलीच मागणी अनुत्तरित राहते आणि तो सुरू होण्यापूर्वीच बंद पडतो.

ही उत्तरे लिनक्सवर उपलब्ध करून देण्याचे काम ‘वाइन’ या प्रकल्पाने १९९३ मध्ये हाती घेतले आणि १९९४ पासून अलेक्झांड्र ज्युलियार या प्रोग्रामरने त्याचे नेतृत्व केले आहे. वाइन हे विंडोजची नक्कल करणारे यंत्र नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण सर्वसाधारण समजूत नेमकी उलट असते. त्यात दुसरा संगणक उभा केला जात नाही. विंडोजच्या प्रत्येक डीएलएलचे काम नव्याने लिहून काढले जाते, खेळाच्या आज्ञा थेट प्रोसेसरवर धावतात आणि फक्त कार्यप्रणालीकडे केलेली मागणी लिनक्सच्या पद्धतीत वळवली जाते. म्हणूनच वेग फारसा घटत नाही. हे लेखन मायक्रोसॉफ्टचा मूळ प्रोग्राम न पाहता, केवळ बाहेरून दिसणारे वर्तन तपासून करावे लागते, आणि फुटलेला विंडोजचा सोर्स कोड ज्याने पाहिला असेल त्याचे योगदान प्रकल्प स्वीकारत नाही. या शिस्तीमुळे काम अतिशय सावकाश झाले. वाइनची १.० ही आवृत्ती यायला २००८ साल उजाडले, म्हणजे पंधरा वर्षे लागली. इतका धीर आणि इतकी प्रामाणिकता एका सार्वजनिक प्रकल्पात इतकी वर्षे टिकली, याचे श्रेय त्याला पुरेसे मिळालेले नाही.

वाइनचा सर्वांत दुबळा भाग चित्रणाचा होता. विंडोजवरील बहुतेक खेळ ग्राफिक्स कार्डाशी ‘डायरेक्ट३डी’ या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने बोलतात, आणि तिचे लिनक्सवरील जुन्या ओपनजीएल पद्धतीत रूपांतर करताना वेग हरवत असे. २०१६ मध्ये ‘व्हल्कन’ ही सर्व कंपन्यांसाठी खुली आणि ग्राफिक्स कार्डावर अधिक थेट ताबा देणारी पद्धत आली, तेव्हा मार्ग मोकळा झाला. ‘निअर : ऑटोमाटा’ हा एक खेळ लिनक्सवर चालावा या इच्छेतून फिलिप रेबोले या जर्मन प्रोग्रामरने डायरेक्ट३डीच्या अकराव्या आवृत्तीच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलणारा ‘डीएक्सव्हीके’ हा प्रोग्राम लिहिला. पुढे बाराव्या आवृत्तीसाठीही तसाच प्रोग्राम तयार झाला.

याच सुमारास व्हॉल्व्ह ही अमेरिकन कंपनी या कामात उतरली होती. स्टीम या तिच्या ऑनलाइन दुकानातून जगभर खेळ विकले जातात. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान आणले, तेव्हा आपला सारा व्यवसाय दुसऱ्याच्या प्रणालीवर अवलंबून आहे, ही जाणीव व्हॉल्व्हला तीव्रतेने झाली. तिने २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आणले, २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी ‘स्टीम मशीन’ ही यंत्रे बाजारात आणली आणि ती फसली, कारण त्यांवर खेळच पुरेसे नव्हते. खेळ बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी अशी वाट पाहणे व्यर्थ आहे, हा धडा घेऊन ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीने वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर घटक एकत्र बांधून ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध केले. या कामात वाइनवर दीर्घकाळ मेहनत घेणारी कोडवीव्हर्स ही कंपनी तिच्यासोबत होती. वापरणाऱ्याला वेगळे काही जुळवावे लागत नाही. स्टीममध्ये खेळ उतरवून घेतला की प्रोटॉन त्याच्यासाठी विंडोजसारखी दिसणारी एक स्वतंत्र फोल्डर-रचना, तिच्या ‘सी ड्राइव्ह’सकट, तयार करते आणि खेळ सुरू होतो. २०२२ मध्ये आलेल्या ‘स्टीम डेक’ या हातात धरून खेळायच्या संगणकाचा सारा डोलारा याच व्यवस्थेवर उभा आहे.

पुण्याच्या संदर्भात या व्यवस्थेचे मोल ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या खेळातून चांगले कळते. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील छोट्या स्टुडिओने बनवलेला हा खेळ महाबलासुराने पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेल्या राजी या मुलीची कथा सांगतो. तिच्या हाती दुर्गेने दिलेले त्रिशूळ असते आणि कथेचे काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात समोर येतात. लोकवर्गणीसाठी २०१७ मध्ये केलेले आवाहन उद्दिष्टापर्यंत पोहोचले नाही, तरीही काम थांबले नाही, आणि २०२० मध्ये खेळ आधी निन्टेन्डो स्विचवर व नंतर विंडोजवर प्रसिद्ध होऊन त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्तम पहिल्या स्वतंत्र खेळाच्या नामांकनापर्यंत गेला. त्याची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती नाही. पैशासाठी झगडणाऱ्या एवढ्याशा स्टुडिओने ती काढावी, तपासावी आणि वर्षानुवर्षे दुरुस्त करत राहावी, अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. तरीही लिनक्सच्या वापरकर्त्याला पुण्यात घडलेला हा खेळ प्रोटॉनमुळे खेळता येतो.

प्रोटॉनमुळे लिनक्ससाठी खास खेळ बनणे थांबेल आणि मायक्रोसॉफ्टच्या नियमांवरच सर्वांना कायम चालावे लागेल, असा आक्षेप मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतून घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. परंतु अनुभव असा आहे की दहा वर्षांपूर्वी लिनक्ससाठी खास काढलेल्या अनेक आवृत्त्या पुढे कोणी सांभाळल्या नाहीत, नव्या लिनक्सवर त्या अडखळतात, आणि त्याच खेळाची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून अधिक नीट चालते. तत्त्व जपण्यासाठी खेळणाऱ्याला बिघडलेला खेळ देण्यापेक्षा, रूपांतर करणारा संपूर्ण सांधा खुला ठेवणे अधिक हिताचे आहे.

उणिवा अर्थातच आहेत. प्रकाश आणि पृष्ठभागांची गणिते करणारे ‘शेडर’ नावाचे छोटे प्रोग्राम पहिल्यांदा तयार होताना खेळ क्षणभर अडकू शकतो. स्टीम ते आधीच उतरवून ठेवण्याचा प्रयत्न करते. पेटंटने बांधलेल्या व्हिडिओ-पद्धती वापरणाऱ्या काही खेळांत मधल्या चित्रफितींऐवजी रंगीत पट्टे दिसतात. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर कंपनीचा ड्रायव्हर निगुतीने बसवावा लागतो. ड्युअल बूट करणारे जी चूक सर्वाधिक करतात ती मात्र टाळण्याजोगी आहे : विंडोजच्या एनटीएफएस विभागात आधीच असलेला खेळ लिनक्समधूनही तिथूनच चालवू नये, कारण प्रोटॉनला लागणाऱ्या काही फाइल-जोडण्या तेथे नीट राहत नाहीत; त्याऐवजी खेळ लिनक्सच्या स्वतःच्या ‘एक्स्ट४’सारख्या विभागात पुन्हा उतरवावा.

खरी भिंत उरली आहे ती फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणांची. अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायच्या खेळांत कोणी लबाडीचा प्रोग्राम वापरू नये म्हणून ‘अँटी-चीट’ बसवलेले असते. व्हॅलोरंट या खेळातील ‘व्हॅनगार्ड’ यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, संगणक सुरू होतानाच जाऊन बसते; प्रोटॉनमध्ये विंडोजचा कर्नल नसल्यामुळे तिला बसायला जागाच नसते, आणि लिनक्सचा कर्नल कोणालाही बदलता येतो म्हणून कंपन्या त्यावर विश्वास ठेवत नाहीत. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रचलित यंत्रणांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडले, पण ते वापरायचे की नाही हे प्रत्येक खेळाच्या मालकावर सोडले. फोर्टनाइटने ते उघडले नाही; एपेक्स लेजेंड्सने उघडून २०२४ मध्ये पुन्हा बंद केले. येथे अडथळा तंत्रापेक्षा धोरणाचा अधिक आहे, आणि ज्याचा पैसे देऊन विकत घेतलेला खेळ एका सकाळी चालेनासा होतो त्या ग्राहकाच्या बाजूने या धोरणाची कठोर तपासणी व्हायला हवी.

या साऱ्याला एक निकडीची बाजूही आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप व ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर यांची अट असल्यामुळे विंडोज ११ अनेक चांगल्या चालत्या लॅपटॉपांवर अधिकृतपणे बसत नाही. मोठ्या भावंडाचा लॅपटॉप धाकट्याकडे जाणाऱ्या घरांत असे यंत्र लिनक्स बसवून वापरात ठेवण्याऐवजी भंगारात काढणे हा अकारण खर्च आहे.

ज्यांना विंडोज पुसून टाकायची आहे त्यांनी आधी आपण प्रत्यक्ष खेळत असलेल्या खेळांची यादी करावी आणि प्रत्येकाची नोंद ‘प्रोटॉनडीबी’वर पाहावी, कारण तेथे खेळणाऱ्यांनीच आपापल्या यंत्रांवरचे अनुभव नोंदवलेले असतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्सवर मुळातूनच चालतात. यादीत व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइटसारखा खेळ असेल तर विंडोजचा विभाग राहू द्यावा. नसेल, तर तो ठेवण्यासाठी खेळांचे कारण आता पुरेसे नाही.