रांग जखमेची, माणसाच्या पतीची नव्हे

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव ही गावेही उद्ध्वस्त झाली. दगडमातीची जड घरे अंगावर कोसळून दोन्ही जिल्ह्यांत हजारो माणसे मेली.

अशा दिवशी रुग्णालयात जखमींचा लोंढा येतो. डॉक्टर आणि सिस्टर मात्र नेहमीइतकेच असतात. मदतीला धावणारे पुष्कळ असतात, पण काय करायचे हे ठाऊक नसेल तर त्याच हातांनी इजा होते. मणका मोडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलले, तर मज्जारज्जू दुखावून तो कायमचा अपंग होऊ शकतो. मान आणि पाठ न हलवता, फळीवर घेऊन, तिघाचौघांनी एकदम उचलणे हा स्वयंसेवकाचा पहिला धडा.

दुसरा धडा रांगेचा. मोठ्या दुर्घटनेत जखमींची चार रंगांत विभागणी करतात. त्याला ट्राएज म्हणतात. लाल म्हणजे ताबडतोब उपचार, पिवळा म्हणजे थोडे थांबू शकेल, हिरवा म्हणजे किरकोळ जखम, काळा म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. रंग डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका ठरवते. स्वयंसेवकाने पट्टी बांधावी, नाव-गाव आणि वेळ लिहावी, स्ट्रेचर ओढावे, नातेवाइकांना माहिती द्यावी. पिवळ्या पट्टीच्या रुग्णाजवळ बसून त्याचा श्वास आणि शुद्ध यांवर लक्ष ठेवावे. बिघाड दिसताच सिस्टरला सांगावे. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो. गप्प पडलेल्याकडे आधी बघावे लागते.

नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लॅरे यांनी हुद्दा न पाहता जखम पाहून उपचार करण्याची रीत रुजवली. आपल्याकडे तिची परीक्षा वेगळी आहे. कॅज्युअल्टीच्या दारात पुढाऱ्याचा फोन येतो, कुणी ओळख सांगतो, कुणाच्या मागे पन्नास माणसे उभी असतात. ज्याच्यामागे कुणीच नाही, तो ऊसतोड मजूर कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून स्वयंसेवकाने ही रांग मोडू न देणे हेही उपचाराइतकेच मोलाचे काम आहे. समता भाषणात सोपी असते. गर्दीने भरलेल्या वॉर्डात ती राखावी लागते.

कायदाही याच बाजूचा आहे. जीव वाचवणे आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात दिला. तो सरकारी आणि खासगी, दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिले आहे.

सामान्य माणूस हे शिकू शकतो का? तुळजापूर तालुक्यातील अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील महिलांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले, ते याचे उत्तर आहे.

सोलापूर-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग, उमरग्यावरून जातो. नवरात्रात तुळजापुरात लाखोंची गर्दी होते. मोठ्या अपघाताची वाट न पाहता प्रशिक्षित स्वयंसेवकांची यादी रुग्णालयांकडे आजच तयार हवी. प्रत्येक तालुक्यातून, प्रत्येक वस्तीतून त्यात नावे असावीत. आपल्या विहारातही प्रथमोपचाराचा वर्ग भरवता येईल. त्यासाठी एक खोली, एक फळी आणि शिकवायला एक परिचारिका एवढे पुरेसे आहे.