पडण्याआधी घ्यायची खुर्ची

लातूर-नांदेडकडच्या खेड्यांत संडास बहुधा अंगणाच्या टोकाला असतो. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानात बारा हजार रुपयांच्या अनुदानातून घरोघरी संडास उभे राहिले आणि बायाबापड्यांची मोठी अडचण मिटली. पण त्यातली बैठक उकिडवी. दारात पायऱ्या, आत धरायला काही नाही. गुडघे झिजलेल्या आजीला रात्री तिथवर जायचं म्हणजे जिवावरचं काम. म्हणून कित्येक म्हाताऱ्या दिवेलागणीनंतर पाण्याला शिवत नाहीत. मग लघवीला जळजळ, पोट साफ नाही, उठताना चक्कर. एखाद्या रात्री तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं आणि चालतंफिरतं माणूस अंथरुणाला खिळतं.

हा फेरा तोडू शकणारं साधन म्हणजे कमोड खुर्ची. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूरच्या कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात ती मिळते. लोखंडी किंवा स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, मधे भोक असलेली बैठक, खाली सरकवायचं झाकणाचं भांडं, दोन्ही बाजूंना हात आणि पायांना रबरी बूट. भांडं काढलं की तीच खुर्ची संडासातल्या पॅनवरही ठेवता येते.

पण खुर्ची आणली म्हणजे धोका टळला असं नाही. ती माणसाच्या आणि घराच्या मापाची हवी. पहिली गोष्ट उंचीची. बसल्यावर दोन्ही तळवे पुरते जमिनीला टेकले पाहिजेत. बैठक बुटकी असेल तर उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो, उंच असेल तर पाय लोंबकळतात आणि माणूस पुढं घसरतं. म्हणून आधी जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतचं माप घ्यावं आणि मगच पायांची उंची ठरवावी.

दुसरी गोष्ट न्हाणीची, खुर्ची तिथं ठेवायची असेल तर. आपल्याकडच्या न्हाणीला मोरीकडं उतार असतो, त्यामुळं चारही पाय सारख्या उंचीला लावलेली खुर्ची तिथं डुगडुगते. चांगल्या खुर्चीचा प्रत्येक पाय खटक्यावर वेगळा खालीवर होतो. उताराकडचे पाय एक भोक लांब करावेत, रिकामी खुर्ची हातानं दाबून हलवून पाहावी, मगच माणसाला बसवावं. चाकांची खुर्ची असेल तर बसण्याआधी ब्रेक लावायचे आणि लुगड्याचा काठ चाकात जात नाही ना, ते बघायचं.

तिसरी गोष्ट धुण्याची. आपण पाण्यानं धुतो. कागदाच्या सवयीवर बेतलेल्या बैठकीचं भोक सगळीकडून बंद असतं, त्यात हात जात नाही. मग म्हातारं माणूस एका बाजूला कलतं आणि नेमकं तिथंच पडतं. पुढून मोकळी ठेवलेली, घोड्याच्या नालेसारखी बैठक आपल्या घरांत जास्त सोयीची.

संडासात धरायला गज लावायचा तर आधी भिंत बघावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनी हजारो माणसं गाडली. तशा बांधणीची घरं मराठवाड्यात अजून आहेत. त्या भिंतीत ठोकलेली खिट्टी माणसाचा भार पेलेलच असं नाही. अशा घरात जमिनीवर उभी राहणारी चौकट बरी. पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीतही बोल्ट नुसत्या गिलाव्यात अडकून चालत नाही, तो आतल्या बांधकामात रुतला पाहिजे. टॉवेलची दांडी म्हणजे आधाराचा गज नव्हे.

ज्यांना अजून उकिडवं बसता येतं, त्यांच्यासाठीही काम झालं आहे. पुण्याच्या सत्यजित मित्तल यांनी ‘स्क्वॉटईज’ हे भारतीय बैठकीचं भांडं तयार केलं. त्यात पाय ठेवायची जागा उतरती आहे. टाच टेकते, चवड्यांवर तोलून बसावं लागत नाही आणि गुडघ्यांवरचा ताण कमी होतो.

पाण्याचंही गणित आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टंचाईच्या दिवसांत घरातलं म्हातारं माणूस आपल्यामुळं बादल्या रित्या होतात म्हणून संकोचतं. खुर्चीचं भांडं थोड्या पाण्यात विसळून निघतं.

आणि पैशाचं काय? केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना मोफत साधनं मिळतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. वयाची ६५ वर्षं पूर्ण झाली असतील आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर बँक खात्यावर एकदा तीन हजार रुपये येतात. त्यातून घ्यायच्या साधनांच्या यादीत कमोड खुर्ची नावानिशी आहे. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात. थोड्या दिवसांपुरती हवी असेल तर जनकल्याण समितीसारख्या संस्थांच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून अनामत भरून नाममात्र भाड्यानं मिळते.

खरी अडचण पैशांपेक्षा लाजेची आहे. “मी काय आजारी हाय का?” असं आजी म्हणते आणि घरचे गप्प बसतात. मग खुर्ची येते ती हाड मोडल्यावर. चष्म्याला जशी कुणी लाज धरत नाही, तशी हिलाही धरू नये. मुलं पुण्यामुंबईला आणि आईवडील गावी, अशी घरं आता गावोगाव आहेत. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा रात्री संडासापर्यंतची वाट स्वतः चालून बघा. तिथं दिवा लावा, आधाराला गज किंवा चौकट बसवा, आईच्या गुडघ्याचं माप घ्या आणि खुर्ची आणा. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे. हे सगळं पडण्याआधी करा.